अडचणीच्या जागेतला नट: रॅचेट पाना निवडायचा कसा, वापरायचा कुठल्या क्रमाने

रॅचेट पाना म्हणजे नटावरून न काढता दांडा मागेपुढे करून नट एकाच दिशेने फिरवणारा, टिकटिक करणारा पाना. त्याच्याबद्दलच्या तक्रारी बहुतेक एकाच साच्याच्या असतात. हौसेने सेट घेतला, पण ज्या नटासाठी घेतला तिथेच पाना बसत नाही. बसला तर फिरत नाही, फिरला तर बाहेर निघत नाही. पाना वाईट असतो असं नाही. नटाचं माप बघून तो घेतलेला असतो आणि जागेचं माप कुणी घेतलेलंच नसतं.

दुसरी चूक क्रमाची. रॅचेट हे नट पळवायचं हत्यार आहे. जाम नट हलवायला बंद गोल तोंडाचा साधा रिंग पाना आणि शेवटी आवळायला टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंत आवळणारा पाना. ही तिन्ही कामं एकाच रॅचेटकडून करून घेतली की दाते तरी जातात, नट गोल तरी होतो, नाहीतर बोटांची सालटी निघतात.

खाली सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे: आडवं इंजिन असलेली छोटी कार आणि तिच्या अल्टरनेटरचा (पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) खालचा लांब बोल्ट. पट्ट्याची बाजू गाडीच्या चासीकडे, मध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट, आणि तो बोल्ट उघडताना नेमका चासीच्याच दिशेने बाहेर येतो. मोटारसायकल, पंप किंवा कारखान्यातल्या मशीनलाही हाच क्रम चालतो.

## १. आधी तयारी, पाना नंतर

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला करा. अल्टरनेटरच्या मागच्या जाड टर्मिनलला बॅटरीचा करंट कायम असतो, चावी बंद असली तरीही. लांब दांड्याचं एक टोक त्या टर्मिनलला आणि दुसरं बॉडीला लागलं की पाना वेल्डिंग रॉडसारखा चिकटतो.

मग जागा स्वच्छ करा. वायर ब्रशने बोल्टचं डोकं घासा. बोल्टला ॲलन की लागत असेल तर खाचेतली माती टोच्याने उकरून काढा. घाणीमुळे पाना अर्धाच बसतो, आपल्याला मात्र तो पूर्ण बसला असं वाटतं. आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारा आणि थांबा. साध्या बोल्टला वीस मिनिटं पुरतात. कोकणातल्या, खाडीकाठी उभ्या राहणाऱ्या गाडीचं काम असेल तर तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा आणि सकाळी पुन्हा एकदा मारा.

शेवटी मोबाइल आत घालून फोटो काढा, शक्य असतील तेवढ्या बाजूंनी. डोळ्यांना दिसत नाही ते कॅमेऱ्याला दिसतं: बोल्टमागचा पाईप, बाजूची क्लिप, वरून आडवी गेलेली वायर. निम्म्या वेळा फोटो बघून लक्षात येतं की एक ब्रॅकेट काढला तर जागा अडचणीची राहतच नाही आणि साधी गोटी (सॉकेट) चालते. तसं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, ब्रॅकेट काढा.

तपासणी: नट डोळ्यांनी नाहीतर फोटोत पूर्ण दिसला का? तो षटकोनीच आहे ना? युरोपियन गाड्यांत ताऱ्याच्या आकाराच्या खाचांचे बोल्ट भरपूर असतात. त्यांच्या बिट वेगळ्या असतात, तिथे षटकोनी पाना चालत नाही.

## २. जागेची चार मापं

हा टप्पा सगळे गाळतात. दहा मिनिटांचं काम आहे. व्हर्नियर, स्टीलची पट्टी, जाड तारेचा तुकडा, थोडा पुठ्ठा आणि मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या.

पहिलं माप, डोक्यावरची उंची. बोल्टच्या डोक्यापासून समोरच्या अडथळ्यापर्यंत किती मिलिमीटर? पट्टी जात नसेल तर कणकेचा घट्ट गोळा घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, फटीत दाबा आणि अलगद काढून त्याची जाडी मोजा. हसू नका, व्हर्नियर जिथे पोचत नाही तिथे कणीक पोचते. पिशवी मात्र विसरू नका, पुलीत पीठ गेलं तर पट्टा घसरतो.

दुसरं माप, बाजूची फट. नटाच्या कडेपासून शेजारच्या भिंतीपर्यंत किती? रॅचेट रिंगच्या आत दात्यांचं चक्र असतं, म्हणून तिचा बाहेरचा व्यास साध्या रिंग पान्यापेक्षा मोठा असतो. साधा १३ चा रिंग पाना बसला म्हणून रॅचेटचा १३ बसेल हे गृहीत धरू नका. दुकानात जाताना हे माप कागदावर लिहून न्या.

तिसरं माप, दांड्याचा फेर. पुठ्ठ्याची पट्टी पान्याच्या लांबीएवढी कापा, एक टोक बोल्टवर बोटाने दाबा आणि दुसरं टोक दोन्ही बाजूंना आपटेपर्यंत फिरवा. तो कोन कोनमापकावर मोजा. तुमचा हातही तिथे मावायला हवा, म्हणून पट्टी रिकामी न फिरवता मूठ धरून फिरवा.

चौथं माप, बोल्ट बाहेर यायची वाट. सगळ्यात महागात पडतं ते हेच, आणि ते कुणी घेत नाही. बोल्टच्या आट्यांची लांबी किती, म्हणजे पूर्ण सुटेपर्यंत तो किती बाहेर येणार? डोक्यावरची उंची त्यापेक्षा जास्त आहे का? उंचीतून पान्याच्या रिंगची जाडी वजा करून बघा. उरलेली जागा आट्यांच्या लांबीपेक्षा कमी असेल तर बोल्ट सुटण्याआधीच त्याचं डोकं पान्याला भिंतीवर दाबून धरणार.

हे मी अनुभवावरून सांगतोय. अशाच एका अल्टरनेटरवर मी पलटी मारून दिशा बदलायचा रॅचेट पाना लावला आणि आनंदाने टिकटिक करत गेलो. बोल्ट अर्धा बाहेर आला, पाना चासीला टेकला. पुढे जाईना, मागे फिरवायला पाना पलटायला हवा, आणि पलटायला तो आधी बाहेर निघायला हवा. शेवटी जॅकने इंजिन थोडं उचलून, एक माउंटिंग ढिलं करून वाट करावी लागली. दहा मिनिटांच्या कामाला दुपार गेली.

सावधान: चौथं माप कमी भरत असेल तर बिनखटक्याचा, पलटी मारायचा रॅचेट पाना त्या जागी वापरू नका. खटक्याने, म्हणजे डोक्यावरच्या छोट्या कळीने, दिशा बदलता येणाराच लागेल. त्यातही पाना पूर्ण दाबला जायच्या आत थांबायचं.

## ३. नटाचं माप: १२, १३, १४ चा घोळ

एकाच जाडीच्या बोल्टला वेगवेगळ्या देशांच्या मानकांप्रमाणे वेगवेगळं डोकं असतं. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला युरोपियन पद्धतीत १३ चा पाना लागतो, जपानी पद्धतीत १२ चा. १० मिलिमीटरच्या बोल्टला जपानी डोकं १४ चं, जुनं जर्मन १७ चं, नवं आंतरराष्ट्रीय १६ चं. १२ मिलिमीटरच्या बोल्टला हेच आकडे १७, १९ आणि १८ असे होतात. ६ मिलिमीटरच्या बोल्टवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे: १०. म्हणून प्रत्येक गॅरेजमध्ये हरवतो तो १० चाच पाना.

जपानी वळणाच्या गाड्या, आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकली आणि स्कूटर यांना ८, १०, १२, १४, १७ हे आकडे पुष्कळदा पुरतात. युरोपियन गाड्यांना १०, १३, १६, १८ लागतात. इंची मशीनवर काम असेल तर एवढं लक्षात ठेवा: पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ चा चालतो. अर्धा इंच म्हणजे १२.७, तिथे १३ चा पाना बसतो खरा, पण तीन दशांश मिलिमीटर ढिला. अंधारात बोटांना ही ढिलाई कळत नाही, जोर लावला की कोपरे सांगतात.

रिंगच्या आतले कोपरेही बघा. बाजारातले बहुतेक रॅचेट रिंग पाने बारा कोपऱ्यांचे असतात. पाना चटकन बसतो, पण पकड नटाच्या टोकांजवळ येते. नट गंजलेला किंवा आधीच थोडा झिजलेला असेल तर सहा कोपऱ्यांची गोटी किंवा पाना घ्या.

तपासणी: पाना नटावर पूर्ण खाली बसवा आणि जोर न लावता डावी-उजवीकडे हलवा. नुसती हलकी टकटक ठीक. पाना डोलत असेल तर माप चुकलंय किंवा नट खाल्लेला आहे.

## ४. दाते किती हवेत

दुकानदार सगळ्यात जोरात सांगतो तो दात्यांचा आकडा. हिशेब सोपा आहे: ३६० भागिले दाते. २४ दात्यांना १५ अंश, ३६ ना १०, ७२ ना ५, ९० ना ४ आणि १२० ना ३ अंश. तुलनेसाठी, बारा कोपऱ्यांच्या साध्या रिंग पान्याला पुढची पकड घ्यायला ३० अंश लागतात, सहा कोपऱ्यांच्या रिंगला ६०. फिक्स, म्हणजे उघड्या तोंडाच्या पान्याचं तोंड १५ अंश तिरकं असतं. दर वेळी उलटा-सुलटा करून लावला तर तोही ३० अंशांत काम करतो.

अंश डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून दांड्याच्या टोकाकडे बघा. २०० मिलिमीटर लांब दांड्याचं टोक ६० अंशांत सुमारे २०९ मिलिमीटर फिरतं, ३० अंशांत १०५, १५ अंशांत ५२, ५ अंशांत १७ आणि ३ अंशांत जेमतेम १०. पण हे कागदावरचे आकडे. नट आणि रिंगमधली ढिलाई, चक्रातला खेळ, दांड्याची लवचिकता यांत आणखी काही अंश जातात. मी छापील कोनाच्या दुप्पट जागा धरतो. म्हणजे तिसऱ्या मापात कोन १० अंश आला तर ७२ दात्यांचा घ्या, २० आला तर ३६ चाही चालेल.

मग सरळ १२० दात्यांचाच का घेऊ नये? दाते वाढले की प्रत्येक दाता बारीक होतो. चांगले बनवणारे एकाच वेळी बरेच दाते पकडणारा रुंद कुत्रा बसवतात. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये ज्याला आपण कुत्रा म्हणतो तोच हा. काही पान्यांत ६० दात्यांचं चक्र आणि आळीपाळीने पकडणारे दोन कुत्रे असतात, त्यावर १२० लिहितात. स्वस्त मालात बारीक दाते आणि मऊ लोखंड एकत्र आलं की पहिल्याच जाम नटावर दात्यांचा चुरा होतो. बहुतेक कामाला ७२ पुरतात.

## ५. जागेप्रमाणे पान्याचा प्रकार

आता मापं समोर ठेवा आणि याच क्रमाने प्रश्न विचारा.

डोक्यावर पाच-सहा सेंटिमीटर मोकळे आहेत का? असतील तर रॅचेट रिंग पान्याच्या मागे लागू नका. पाव इंची, म्हणजे दोन सुती ड्राईव्हचं (ड्राईव्ह म्हणजे गोटी बसते ते चौकोनी टोक) छोटं रॅचेट आणि गोटी घ्या. डोकं लहान असतं, फिरवायला हलकं, आणि ८ ते १३ पर्यंतच्या बहुतेक नटांना पुरतं. तीन सुती ड्राईव्ह थोडा उंच आणि मजबूत असतो, १० ते १९ ला तो बरा. अर्धा इंची, चार सुती ड्राईव्ह अडचणीच्या जागेसाठी नाहीच. तो चाकाच्या नटांसाठी ठेवा.

वरती सरळ बोगद्यासारखी वाट आहे, पण नट खोल आहे? गोटी आणि रॅचेटच्या मध्ये एक्स्टेन्शन बार लावा. अडचण तळाशी असली तरी रॅचेट वर मोकळ्यात राहतं. एक लांब बार असेल तर तोच घ्या, दोन छोटे जोडले की डोलतात. वाट किंचित तिरकी असेल तर गोटीला थोडं कलू देणारं वॉबल एक्स्टेन्शन, जास्त तिरकी असेल तर सगळीकडे वाकणारा युनिव्हर्सल जॉइंट. जॉइंट तीसेक अंशांपुढे वाकवला की तो नट फिरवायचं सोडून स्वतःच उडी मारतो.

डोक्यावर दीड-दोन सेंटिमीटरच आहेत? इथे खरं रॅचेट रिंग पान्याचं राज्य. लहान मापांत रिंगची जाडी साधारण ८ ते १० मिलिमीटर असते. रिंग आरपार मोकळी असल्यामुळे लांब स्टडवरचा (डोकं नसलेल्या, आट्यांच्या दांड्यावरचा) नटही ती पळवते, जिथे साध्या गोटीचा तळ स्टडला टेकतो. याचे उपप्रकार असे:

सरळ, बिनखटक्याचा: सगळ्यात पातळ, सगळ्यात मजबूत. दिशा बदलायला पलटायचा. सपाट असल्यामुळे बोटं शेजारच्या धातूवर घासतात.

खटक्याचा, १५ अंश उचललेला: बोटांना जागा मिळते, दिशा जागेवर बदलते. डोकं थोडं जाड. एकच प्रकार घ्यायचा असेल तर मी हा घेईन. खटका मात्र चुकून शेजारच्या पाईपला लागून दिशा बदलणार नाही ना, ते बघा.

मान वाकणारा: दांडा वर उचलून अडथळ्यावरून नेता येतो. फार सोयीचा, आणि सगळ्यात जास्त गैरवापर होतो तो याचाच. मान पूर्ण वाकवून जोर लावला की रिंग नटावर तिरकी होते आणि कोपरे खाते. वाकवूनच काम करायचं असेल तर एका हाताने डोकं नटावर दाबून धरा. मानेला लॉक असेल तर उत्तम.

आखूड: १० सेंटिमीटरच्या आसपास. मूठ मावत नाही तिथे दोन बोटांनी चालतो. ताकद मिळत नाही, म्हणून नट आधी ढिला झालेला हवा.

रिंगही जात नाही, वरून पाईप आहे? तेलाच्या किंवा ब्रेकच्या पाईपच्या युनियन नटावर बंद रिंग चढवता येत नाही. तिथे तोंडाला फट असलेला फ्लेअर नट पाना लागतो. रॅचेट विसरा.

## ६. दुकानात काय बघायचं

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात जाताना खिशात तीन गोष्टी न्या: मापांची चिठ्ठी, व्हर्नियर आणि १० व १३ डोक्याचे दोन बोल्ट नटासकट.

पहिली चाचणी उलट्या ओढीची. बोल्ट पान्यात बसवा, टोक दोन बोटांत हलकंच धरा आणि दांडा उलट फिरवा. बोल्ट बोटांत स्थिर राहिला आणि पाना टिकटिक करत मागे गेला तर चांगलं. बोल्टही सोबत फिरायला लागला तर चक्र जड आहे. अडचणीच्या जागेत असा पाना नटाला जितका पुढे नेतो तितकाच मागे आणतो, आणि तुम्ही अर्धा तास नुसती टिकटिक ऐकत बसता.

दुसरी, खेळाची. दांडा डावी-उजवीकडे हलवून चक्र पकडायच्या आधी किती रिकामा फिरतो ते बघा. तिसरी, रिंगचा बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजा आणि चिठ्ठीशी जुळवा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या. चौथी, मापाचा आकडा दांड्यावर कोरलेला किंवा ठोकलेला हवा. नुसता छापलेला असेल तर तेलकट हातांनी तो लवकर पुसला जातो.

बारा पान्यांचा सेट स्वस्त दिसतो, पण त्यातले सहा कधी पेटीबाहेर येत नाहीत. त्याच पैशांत तुमच्या गाडीला लागणारे चार-पाच चांगले सुटे घ्या. दुचाकीला ८, १०, १२, १४ पासून सुरुवात करा.

सावधान: क्रोमची चकाकी असलेली हाताची गोटी इम्पॅक्ट गनवर (धक्के देत नट फिरवणाऱ्या यंत्रावर) लावू नका, ती फुटून तुकडे उडतात. गनसाठीच्या गोट्या काळ्या आणि जाड असतात.

## ७. सोडवायचा क्रम

१. दिशा ठरवा. गाडीखाली झोपून किंवा आरशात बघून काम करताना डावं-उजवं उलटं वाटतं. डोळे मिटा आणि आपण बोल्टच्या डोक्यासमोर उभे आहोत असं समजा: घड्याळाच्या उलट सुटतो. शंका असेल तर शेजारच्या दिसणाऱ्या बोल्टवर हात फिरवून बघा. पट्ट्याच्या आणि पंख्याच्या काही नटांना उलटे आटे असतात, मॅन्युअल बघा.

२. जाम नट साध्या रिंग पान्याने किंवा सहा कोपऱ्यांच्या गोटीला ब्रेकर बार (लांब, बिनरॅचेटचा दांडा) लावून हलवा. जोर धक्क्याने न देता वाढवत न्या. पाना शक्यतो स्वतःकडे ओढा. ढकलायलाच लागलं तर तळहात उघडा ठेवून ढकला, म्हणजे सटकला तरी बोटांचे सांधे वाचतात.

३. नट पाव ते अर्धा फेरा हलला की रॅचेट लावा. पाना पूर्ण बसलाय आणि दिशा बरोबर आहे हे आधी एका टिकटिकीत तपासा.

४. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर थांबा आणि बोटाने बघा. नट जड लागतोय का? लागत असेल तर पुन्हा तेल, अर्धा फेरा मागे, एक फेरा पुढे. गंजलेला बोल्ट रॅचेटने सरळ पळवला तर आटे ओरबाडत बाहेर येतो.

५. चौथ्या मापाची सीमा जवळ आली की पाना काढा. उरलेले आटे फिक्स पान्याने किंवा बोटांनी.

नट इतका ढिला झाला की रॅचेटसोबत मागेपुढे डोलायला लागतो, तेव्हा रिंगवरून एक बोट नटाच्या डोक्यावर किंवा स्टडच्या टोकावर टेकवून ठेवा. तेवढी अडवणूक चक्राला पुरते.

सावधान: रॅचेटच्या दांड्यावर पाईप चढवू नका, हातोडी मारू नका. साध्या रिंग पान्यात तुटायला फक्त लोखंड असतं. रॅचेटमध्ये करंगळीच्या नखाएवढा कुत्रा सगळा भार घेतो, आणि तो निसटला की तुमचा हात समोरच्या धातूवर जातो.

## पाना अडकलाच तर

घाबरून जोर लावू नका, आणखी घट्ट होतो. खटक्याचा असेल तर दिशा बदला आणि बोल्ट एक-दोन फेरे परत आत घाला, पाना मोकळा होतो. खटका हलत नसेल तर दांडा किंचित मागेपुढे करून चक्रावरचा ताण काढा, मग हलतो.

पलटी मारायचा असेल तर बोल्टचं दुसरं टोक शोधा. आरपार बोल्ट असेल तर पलीकडून बाहेर आलेला भाग लॉकिंग पक्कडने धरून बोल्ट आत फिरवता येतो. आटे खराब होणार, तो बोल्ट बदलायचा. तेही जमत नसेल तर बोल्टला सोडा आणि अडथळा हलवा: ब्रॅकेट, माउंटिंग, पुली, जे सुटेल ते. इंजिन उचलायचं झालं तर जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून, आणि ऑइल पॅनच्या पातळ पत्र्याला थेट जॅक न लावता.

## ८. परत आवळताना

आधी बोटांनी. किमान तीन आटे नुसत्या बोटांनी आत जायला हवेत. बोट पोचत नसेल तर रॅचेट बाजूला ठेवा आणि नुसती गोटी, नाहीतर गोटी आणि एक्स्टेन्शन हातात धरून फिरवा. हे कारण नसताना सांगत नाही: रॅचेटच्या टिकटिकीत तिरके चढणारे आटे हाताला जाणवत नाहीत. ॲल्युमिनियमच्या भागात स्टीलचा बोल्ट एकदा तिरका गेला की मग हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची स्प्रिंग) घालायला मशीनवाल्याकडे खेप.

बोल्ट बोटांनी गेला की रॅचेटने तो भागाला टेकेपर्यंत पळवा. टेकला की थांबा.

शेवटचं आवळणं मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. अंदाज यावा म्हणून: ८.८ ग्रेडच्या स्टील बोल्टसाठी, स्टीलच्या आट्यांत, ६ मिलिमीटर जाडीला साधारण १० न्यूटन-मीटर आणि ८ मिलिमीटरला साधारण २५ न्यूटन-मीटर धरतात. ॲल्युमिनियममध्ये गाडीवाल्यांचे आकडे बरेचदा याहून कमी असतात. २०० मिलिमीटरच्या दांड्यावर २५ न्यूटन-मीटर म्हणजे टोकाला सुमारे पावणेतेरा किलोचा जोर. १५० च्या दांड्यावर १० न्यूटन-मीटर म्हणजे सातेक किलो. एकदा घरचा ताणकाटा दांड्याच्या टोकाला अडकवून हा जोर हाताला दाखवा. बहुतेकांना धक्का बसतो, कारण आपण ६ मिलिमीटरच्या बोल्टला याच्या दुप्पट आवळत आलेलो असतो.

टॉर्क रेंच आत जात नसेल तर तिच्या टोकाला क्रो-फूट (नुसतं तोंड असलेला, बिनदांड्याचा) पाना लावतात. तो रेंचच्या रेषेत पुढे काढला तर लांबी वाढते आणि आकडा कमी लावावा लागतो. रेंचची लांबी ३०० मिलिमीटर, क्रो-फूट ३० मिलिमीटर पुढे आणि हवे आहेत २५ न्यूटन-मीटर, तर २५ गुणिले ३०० भागिले ३३०, म्हणजे रेंचवर २२.७ लावायचे. क्रो-फूट काटकोनात लावला तर आकडा जवळपास तसाच राहतो. जागा असेल तर काटकोनातच लावा.

सावधान: टॉर्क रेंच नट सोडवायला वापरू नका, आणि काम झाल्यावर तिची स्प्रिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

## पान्याची निगा

पुसा, कोरडा ठेवा. चक्रात पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात. जाड ग्रीस भरलं की कुत्रा चिकटतो आणि दात्यांवर अर्धाच बसतो. चक्र दाते सोडायला लागलं, म्हणजे जोर लावल्यावर मधूनच कट् करून निसटायला लागलं, की दुरुस्तीचा किट मिळत असेल तर बदला. नसेल तर तो पाना पेटीतून बाहेर काढा. त्याला हलक्या कामासाठी ठेवला की गडबडीत तोच हातात येतो.

बॉनेट लावायच्या आधी पाने मोजा. सुरुवातीला जेवढे बाहेर काढले तेवढे पेटीत परत आले पाहिजेत. आखूड रॅचेट पाना इंजिनच्या खालच्या कव्हरवर आरामात मावतो आणि गाडी सुरू झाल्यावर पट्ट्याकडे सरकतो. मोजून झाले की मगच बॅटरीची तार जोडा.